अँटेना लागेपर्यंत: परदेशात नव्याने आलेल्या हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींसाठी

बॅगा अजून पुरत्या उघडलेल्या नाहीत, घरमालक गच्चीचं नाव काढू देत नाही, आणि हँडी, म्हणजे हातातला रेडिओ, मात्र चार्ज करून उशाशी ठेवलेला आहे. अशा अवस्थेत सगळ्यांना एकच सुचतं: फोनवर एकोलिंक, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या हॅम स्टेशनांना जोडणारं ॲप, टाकायचं आणि जुन्या ग्रुपला गाठायचं. मीही तेच केलं होतं. त्यात चूक काही नाही. फक्त क्रम उलटा होतो, आणि त्यापायी मी एकदा शेजारच्या हॅम मंडळींचा चांगलाच रोष ओढवून घेतला. तो किस्सा पुढे येईलच.

आधी परवाना. तुमचा जुना कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायचं ओळखचिन्ह, मायदेशाच्या सरकारनं दिलेला आहे. इथल्या हवेत तो आपोआप चालत नाही. दोन देशांत करार असेल तर यजमान देशाचा प्रीफिक्स (कॉलसाइनचा सुरुवातीचा भाग), मग तिरकी रेघ, मग जुना कॉलसाइन असं सांगून काही काळ बोलता येतं. करार नसेल तर इथली परीक्षा द्यायची. ‘मी तर फोनवरून बोलतोय, माझ्याकडून कुठे काय ट्रान्समिट होतंय?’ असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. पण तुम्ही ज्या नोडला, म्हणजे एकोलिंकवरच्या ज्या स्टेशनला, जोडलात त्याला बऱ्याचदा कुठेतरी खराखुरा ट्रान्समीटर लावलेला असतो. तुमच्या तोंडचं वाक्य तिथल्या डोंगरावरून बाहेर पडतं आणि जबाबदारी येते तो नोड चालवणाऱ्यावर. म्हणून तर एकोलिंक परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय कोणाला आत घेत नाही. इथला नवा कॉलसाइन मिळाला की ही पडताळणी पुन्हा करून घ्यावी लागते, हे आत्ताच लक्षात ठेवा.

एकोलिंक २००२ मध्ये जोनाथन टेलर, म्हणजे के१आरएफडी, यांनी सुरू केलं. त्यातली यादी वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. नुसता कॉलसाइन दिसला तर तो एकटा माणूस, कॉम्प्युटरसमोर किंवा फोन हातात घेऊन बसलेला. पुढे ‘-एल’ असेल तर सिम्प्लेक्सवरची (रिपीटरविना, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी) लिंक, ‘-आर’ असेल तर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं लांबवर पुन्हा सोडणारं उंचावरचं स्टेशन. दोन्ही बाजूंना तारे असलेलं नाव म्हणजे कॉन्फरन्स, तिथे एकाच वेळी बरीच स्टेशनं बसलेली असतात. एकट्या माणसाला हाक मारणं आणि ‘-आर’ला जोडणं यात फरक आहे. पहिलं म्हणजे दारावर टकटक, दुसरं म्हणजे भर चौकात भोंगा. गाडी चालवणारे, स्वयंपाक करणारे, हँडी कमरेला लावून फिरणारे, सगळ्यांच्या कानावर तुम्ही जाता.

सुरुवात करा नोड ९९९९ पासून. तो टेस्ट सर्व्हर आहे. तुम्ही बोललात की तुमचाच आवाज परत ऐकवतो. दहापैकी आठ नवे लोक माइक तोंडाला चिकटवून बोलतात आणि आवाज फाटतो. इथे एकांतात दुरुस्त झालेलं बरं.

आता भाड्याच्या घरातली हमखास अडचण. यादी दिसते, पण जोडायला गेलं की नुसतं ताटकळत राहतं, नाहीतर जोडलं जातं आणि आवाजच येत नाही. दोष तुमचा नसतो. एकोलिंकला यूडीपी ५१९८ आणि ५१९९ हे पोर्ट बाहेरून आत उघडे लागतात, आणि घरमालकाच्या राउटरला हात लावायची सोय नसते. मोबाइल नेटवर तर एकाच पत्त्यामागे कित्येक ग्राहक असतात, तिथे पोर्ट उघडण्याचा प्रश्नच नाही. फोनच्या ॲपमध्ये ‘रिले’ निवडा, कॉम्प्युटरवर ‘पब्लिक प्रॉक्सी’ निवडा, म्हणजे मधला सर्व्हर तुमच्या वतीनं जोडणी करतो. एक प्रॉक्सी एका वेळी एकाच माणसाला चालते, म्हणून काम झालं की सोडून द्या. एकाच घरात दोन हॅम राहत असाल तर एका राउटरमागून दोघांना एकदम बोलता येत नाही. एकानं प्रॉक्सी घ्या, म्हणजे भांडण नको.

एवढं जमलं की पुढचं पाऊल इथल्या रिपीटरवर टाका, आणि हेच मला खरं सांगायचं आहे. फोनवरचं एकोलिंक तुम्हाला मागे सोडून आलेल्या माणसांपर्यंत नेतं. रिपीटर तुम्हाला शेजाऱ्यांपर्यंत नेतो. फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा, रिपीटर उघडणारा सूर) हे तीन आकडे मिळवा. टोन चुकला तर रिपीटर उघडतच नाही आणि माणूस उगाच हँडीला दोष देत बसतो. मग आठवडाभर नुसतं ऐका. सकाळी कोण असतं, नेट, म्हणजे ठरल्या वेळची हवेतली बैठक, कोणत्या वारी भरतं, लिंक जोडण्याआधी लोक काय विचारतात, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

त्या रिपीटरला एकोलिंकच असेल असंही नाही. आयआरएलपी हे रिपीटर इंटरनेटनं जोडणारं दुसरं जाळं १९९७ मध्ये कॅनडात डेव्ह कॅमेरून यांनी उभं केलं आणि त्याचा बाणा आजही तोच आहे: कॉम्प्युटरवरून थेट शिरायला मनाई, आत यायचं तर रेडिओवरूनच. ऑलस्टारलिंक हे आणखी एक जाळं ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या प्रणालीवर चालतं. डीएमआरमध्ये सगळा मामला डिजिटल. तिथे सात आकडी आयडी आधी घ्यावा लागतो, मग छोटा हॉटस्पॉट (हँडीला इंटरनेटशी जोडणारी डबी) घेऊन खोलीतूनही काम भागतं. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात हॉटस्पॉट घेऊ नका. एकदा तो टेबलावर आला की माणूस खिडकीबाहेरच्या रिपीटरकडे फिरकत नाही.

हँडीच्या कीपॅडवरून लिंक जोडता येते. एकोलिंकला नोडचा आकडा दाबायचा, तोडायला ‘#’. आयआरएलपीला चार आकडे, तोडायला ७३. ऑलस्टारला ‘*३’ आणि नोड, तोडायला ‘*१’ आणि तोच नोड. सिसॉप, म्हणजे रिपीटर सांभाळणारे, हे कोड बदलू शकतात, म्हणून आधी विचारून घ्या.

आता तो किस्सा. मी इथल्या रिपीटरवरून जुन्या ग्रुपच्या कॉन्फरन्सला जोडून घेतलं, तासभर मनसोक्त मराठी बोललो आणि ‘#’ न दाबता झोपलो. तिकडे दिवस उजाडला होता, ग्रुप रंगात आला होता. इथल्या रिपीटरवर रात्रभर मराठी गप्पा चालू राहिल्या आणि पहाटे कामाला निघालेल्या लोकांना एक शब्द बोलायला फट मिळाली नाही. सिसॉप मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बाहेरून लिंक जोडायची सोय दोन आठवडे बंद ठेवली आणि कोणामुळे ते सगळ्यांना कळलं. मी नेटवर येऊन माफी मागितली आणि पुढच्या दुरुस्तीच्या दिवशी त्यांच्याबरोबर केबलची भेंडोळी उचलायला डोंगरावर गेलो. इथे माझी ओळख तिथून सुरू झाली.

मराठीत बोलू नये असं मी म्हणत नाही. पण जोडण्याआधी ‘लिंक वापरू का?’ असं इथल्या भाषेत विचारा, मधूनमधून कॉलसाइन सांगा आणि संपल्यावर लिंक तोडल्याचंही सांगा. लोकांना भाषा खटकत नाही, वाट अडवलेली खटकते.

पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर लगेच बोलू नका, दोन सेकंद थांबा. वाटेतल्या सगळ्या लिंका जाग्या व्हायला वेळ लागतो आणि तुमचं ‘नमस्कार’ फक्त ‘स्कार’ म्हणून पोचतं. समोरच्याचं संपल्यावरही तीन-चार सेकंद जाऊ द्या, कोणाला मध्ये यायचं असेल तर यावं. लांबलचक बोलणाऱ्यांनी टायमरची आठवण ठेवावी. अनेक रिपीटर साधारण तीन मिनिटांनी तोंड बंद करतात, आणि तुमचा नाही तर पलीकडचा करतो. दुसरा रेडिओ शेजारी चालू ठेवू नका. स्वतःचाच आवाज उशिरा कानात आला की बोलणारा अडखळतो.

आईला माइक द्यायचा मोह आवरा. परवाना नसलेल्यानं दोन देशांदरम्यान बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी तसा करार लागतो. तिच्यासाठी फोन आहे. धंद्याचं बोलणं चालत नाही. घराचा पत्ता आणि गावाला जायच्या तारखाही हवेत सोडू नका, ऐकणारा कोण आहे ते दिसत नाही.

एचएफवाले, म्हणजे लघुलहरींवरून थेट दूरदेशी बोलणारे, ‘हा कसला रेडिओ’ म्हणतील. वाद घालू नका. डीएक्ससीसीला (शंभर देशांशी संपर्क साधल्याच्या पुरस्काराला) रिपीटरवरचे संपर्क धरत नाहीत, तिथं त्यांचं बरोबर आहे.

शेवटची एक गोष्ट, जुन्या ग्रुपच्या नेटबद्दल. वेळ वहीत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहून ठेवा. इथली घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होत असतील आणि तिकडची होत नसतील, तर त्या आठवड्यात तुम्ही बरोबर एक तास चुकीच्या वेळी, रिकाम्या कॉन्फरन्समध्ये हाका मारत बसाल.