जुन्या आउटबोर्डचा कार्बोरेटर: आधी साफ करा, मगच स्क्रूला हात लावा

दरवर्षी तेच होतं. 1 जूनला मासेमारी बंद झाली की होडी वर ओढून झापाखाली जाते, होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन पडवीत टांगलं जातं आणि कार्बमधलं (कार्बोरेटर, पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) पेट्रोल तसंच आत राहतं. मग नारळी पौर्णिमेला दोरी ओढून ओढून खांदा भरून आला की लोक बाहेरचा पायलट स्क्रू (मंद चालीला, म्हणजे आयडलला, पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा) फिरवायला लागतात, कारण तोच एक समोर दिसतो. कृपा करून असं करू नका. घाण असलेला कार्ब ट्यून होतच नाही.

आणि हे मी उगाच सांगत नाहीये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच आत जातं, म्हणजे जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) अर्धं बुजलं तर पेट्रोल कमी आणि त्याबरोबर ऑइलही कमी. आमच्या 15 एचपीचा वरचा पिस्टन असाच चिकटला, दोन दिवस 'जरा तापतंय वाटतं' म्हणत चालवलं होतं आणि नंतर कार्ब उघडला तर मेन जेटमध्ये हिरवट मेणासारखा थर.

खोलायच्या आधी दोन गोष्टी बघा. प्लग काढून स्पार्क नीट येतोय का, आणि फुगा (पेट्रोलच्या पाइपवरचा) दाबत राहिलं तरच इंजिन चालतं का. तसं असेल तर दोष बहुतेक पेट्रोल पंपात किंवा पाइप कुठेतरी हवा खेचतोय, कार्बला दोष देऊ नका. उलट चोक अर्धा ओढल्यावर इंजिन सुधारलं तर समजा जेट बुजलंय.

आता खोलायचं. मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट लांब, खाली पांढरं फडकं. लिंकेजचा (थ्रॉटल-चोकच्या जोडदांड्यांचा) मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पायलट स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या आणि किती आटे गेला ते मोजून लिहून ठेवा, दीड, पावणेदोन जे असेल ते. टेकला की थांबा, आवळला तर टोकाला खाच पडते आणि मग ते इंजिन आयडलला कधीच सरळ चालत नाही.

खालचा बाऊल उघडलात की सगळी कहाणी तिथेच दिसते. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो, तळाशी पाण्याचे थेंब वेगळे लोळतात, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरलेली असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमटपणा ओढतं आणि जुनी रबरंही फुगवतं, त्यामुळे गास्केट आणि ओ-रिंग नवीनच घाला. फ्लोट (बाऊलमधला तरंगणारा तुकडा) कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल वाजलं तर तो गेला. फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या नीडलच्या टोकाला गोल रेघ पडली असेल तर तीही बदला, नाहीतर कार्बमधून पेट्रोल गळत राहणार.

रबर-प्लास्टिक सगळं बाजूला काढून मगच कार्ब क्लीनर मारा, आणि डोळ्याला चष्मा लावा कारण एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. तो कुठून बाहेर येतो हेच तर बघायचंय, प्रत्येक वाट मोकळी झाली पाहिजे. जेटमध्ये तार किंवा सुई अजिबात नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की माप गेलं. बारीक तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) तुकडा चालतो. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. शेवटी कॉम्प्रेसरची हवा, पंक्चरवाल्याकडे मिळते. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे जुळवा आणि स्क्रू मोजलेल्या आट्यांवर परत आणा.

ट्यूनिंग पाण्यातच करा, कोरडं इंजिन काही सेकंद जरी चालवलं तरी इंपेलरचं (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या चक्राचं) रबर जळतं. होडी जेटीला दोन दोऱ्यांनी घट्ट बांधा, पंख्याजवळ (प्रोपेलर) कोणी नको, ताजं मिश्रण भरा (बहुतेक इंजिनांना 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली मरीन टू-स्ट्रोक ऑइल, तरी मॅन्युअल बघा) आणि दहा मिनिटं गरम होऊ द्या. मग फॉरवर्ड गिअरमध्ये, आयडलवर, स्क्रू पाव-पाव आटा फिरवायचा आणि दर वेळी पंधरा सेकंद थांबायचं. एका बाजूला इंजिन शिंकल्यासारखं करतं, ते लीन (पेट्रोल कमी). दुसऱ्या बाजूला जड होऊन धूर टाकतं, ते रिच (पेट्रोल जास्त). मधोमध आणा आणि तिथून थोडंसं रिचकडे सोडा. स्क्रू थ्रॉटलच्या झडपेच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर आत घेतल्यावर लीन होतं, हवेच्या तोंडाकडे असेल तर उलट. हे आधी बघून घ्या, इथेच गोंधळ होतो. आयडलचा स्पीड सगळ्यात शेवटी. एकदम थ्रॉटल दिल्यावर अडखळलं तर अजून थोडं रिच करा. दोन-तीन कार्बवाल्या इंजिनाला सगळ्या झडपा एकाच वेळी उघडतायत ना हे स्क्रूच्या आधी जुळवावं लागतं.

पुढच्या मे अखेरीस टाकीचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, तेव्हा ते पाण्यातच असू दे. मग बाऊलच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेला चमचाभर काढून टाका, तोच चमचाभर दोन महिन्यांत गोंद होतो.