रेल्वे फाटकावर उभे राहून गाड्या कशा पाहाव्यात

प्रथम फाटक नीट निवडावे. स्टेशनाच्या अगदी जवळचे फाटक टाळावे, कारण तिथे थांबणाऱ्या गाड्या रेंगाळतात आणि वेगाची गंमत जाते. प्रवासी गाड्यांबरोबर मालगाड्याही भरपूर पाहायच्या असतील, तर मुंबई–हावडा मार्गाचा भुसावळ ते नागपूर हा पट्टा उत्तम. मात्र अनेक फाटकांच्या जागी आता उड्डाणपूल झाले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

प्रवासी गाडी कुठवर आली आहे, हे रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर कळते. मालगाडीचे वेळापत्रक प्रवाशांसाठी छापले जात नाही. त्यामुळे ॲपवर काहीच नसताना फाटक पडले, तर बहुधा मालगाडीच येणार असे समजावे. फाटक इतके आधी का बंद करतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. सिग्नलशी जोडलेल्या फाटकावर दांडी खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला पुढे येण्याचा सिग्नल मिळूच शकत नाही, आणि वेगातल्या गाडीला तो बराच दुरून मोकळा दिसावा लागतो, हे त्यामागचे कारण आहे.

उभे राहावे ते दांडीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, वाहनांना अडथळा न होता. दांडीखालून वाकून रुळांवर जाणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे.

गाडी दिसू लागली की आधी इंजिनावरची अक्षरे वाचावीत. डब्ल्यूएपी-७ मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज आणि पी म्हणजे प्रवासी. डब्ल्यूएजी-९ मधला जी मालगाडीचा. बाजूला इंजिनाच्या शेडचे, म्हणजे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचे, नावही असते, उदाहरणार्थ अजनी किंवा भुसावळ. मालगाडीचे इंजिन प्रवासी गाडीला जोडलेलेही अधूनमधून दिसते, तेव्हा केवळ अक्षरांवर विसंबू नये.

यानंतर गेटमनकडे पाहावे, कारण गाडी कशी पाहावी हे त्याच्याकडूनच शिकता येते. तो खिडक्यांकडे नव्हे, चाकांकडे पाहत असतो: कुठे धूर किंवा ठिणग्या निघत आहेत का, ब्रेक चिकटला आहे का, एखादा भाग खाली लोंबतो आहे का. काही धोकादायक दिसले, तर लाल झेंडा दाखवून गाडी थांबवणे हे त्याचे काम आहे.

मालगाडीत वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओळखण्यात खरी मजा आहे. उघड्या बॉक्सएन वाघिणींत बहुधा कोळसा, बंद बीसीएन वाघिणींत धान्य, खत वा सिमेंट, तर गोल टाक्यांत पेट्रोल-डिझेल असते. भरलेली गाडी जमीन हादरवत जाते, रिकामी खडखडत जाते. डोळे मिटूनही फरक कळतो. कोकण रेल्वेवर १९९९ पासून सपाट वाघिणींवर मालाने भरलेले ट्रक नेले जातात, आणि चालक आपल्या ट्रकमध्येच बसलेले दिसतात.

वेग काढायचा असेल, तर पलीकडच्या एका खांबापाशी इंजिनाचे नाक आल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंतचे सेकंद मोजावेत. एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचा प्रवासी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. इंजिनासह २२ डब्यांची गाडी साधारण ५५० मीटर भरते. ती १८ सेकंदांत गेली, तर वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर झाला.

शेवटच्या डब्यामागची फुली किंवा ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी चुकवू नये. रात्री तिथे लाल दिवा असतो. ही खूण म्हणजे गाडी अखंड गेल्याची खात्री. ती नसेल, तर मागे डबे सुटून राहिल्याची शंका येते. दुहेरी मार्गावर ही खूण गेल्यावरही दांडी वर जाईपर्यंत जागीच थांबावे, कारण दुसऱ्या रुळांवरून येणारी गाडी पहिलीच्या आड दिसत नाही आणि तिचा आवाजही पहिलीच्या आवाजात मिसळून जातो.