मराठी मजकूर तपासताना आधी क्रियापद शोधावे

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एकदा अशी सूचना लागली होती: ‘गंगापूर धरणावरील पंपिंग स्टेशन येथील दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आलेले असल्याकारणाने येत्या शनिवारी शहरातील पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे असे आवाहन करण्यात येत आहे.’ शेजारच्या आजींनी ती दोनदा वाचली आणि मला विचारले, ‘सहकार्य करायचे म्हणजे नेमके काय करायचे?’ प्रश्न रास्त होता, कारण २७ शब्दांच्या त्या वाक्यात पाणी भरून ठेवा, एवढेच सांगायचे राहिले होते. अर्ज, सूचना, अहवाल किंवा वर्तमानपत्राला पाठवायची बातमी तपासताना मी ज्या क्रमाने काम करतो, तो या वाक्यापासूनच सुरू करून सांगतो.

प्रथम पेन्सिल घेऊन प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि त्याला विचारावे, की हे कोण करतो आणि प्रत्यक्षात काय घडते. वरच्या वाक्यात काम ‘हाती घेण्यात आले’, पाणी ‘बंद ठेवण्यात येणार’ आणि आवाहन ‘करण्यात येत’ आहे. यांतील एकाही क्रियेचा कर्ता वाक्यात दिसत नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने गोष्टी दोनच आहेत: पाणी येणार नाही, आणि आपण ते आधी भरून ठेवायचे आहे. म्हणून वाक्य असे होते: ‘गंगापूर धरणावरील पंपिंग स्टेशनची दुरुस्ती करायची असल्यामुळे शनिवारी शहरात पाणी येणार नाही. नागरिकांनी शुक्रवारीच पाणी भरून ठेवावे.’ दहा शब्द कमी झाले, पण मला अधिक मोलाचा वाटतो तो नव्याने आलेला ‘शुक्रवार’. अशी माहिती संपादकाने मनाने घालू नये. मसुदा लिहिणाऱ्याला विचारून घ्यावी. ‘सहकार्य’, ‘योग्य ती कार्यवाही’, ‘आवश्यक त्या उपाययोजना’ असे शब्द दिसले, की तेथे काहीतरी सांगायचे राहून गेले आहे असे समजून प्रश्न लिहून ठेवावा.

‘करण्यात येत आहे’ हे वळण कार्यालयांतून घरोघरी पोहोचले. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा म्हणून कायद्याचे स्थान दिले, पण मसुद्यांची घडण बरीचशी जुन्या इंग्रजी टिपणांचीच राहिली, आणि पुढे सार्वजनिक सूचना अशाच लिहायच्या असतात असा समज रूढ झाला. तरीही कर्ता नसलेले प्रत्येक वाक्य दुरुस्त करू नये. ‘पंचवटीतून मोटारसायकल चोरीला गेली’ या वाक्यात चोर माहीतच नाही, तेव्हा ते जसे आहे तसेच उत्तम आहे. कर्ता माहीत असूनही लपला आहे का, एवढेच पाहावे.

यानंतर नामात अडकलेली क्रियापदे सोडवावीत. ‘उमेदवारांची निवड करण्याची प्रक्रिया पूर्ण करण्यात आली’ याऐवजी ‘समितीने उमेदवार निवडले’ असे लिहिता येते. मात्र येथे हात जपून चालवावा. ‘चर्चा करणे’, ‘मदत करणे’, ‘विचार करणे’ ही मराठीची स्वतःचीच क्रियापदे आहेत. त्यांना मोडण्याचे कारण नाही. ‘शेतकऱ्यांनी भरपाईची मागणी केली’ आणि ‘शेतकऱ्यांनी भरपाई मागितली’ यांतही थोडा फरक आहे. पहिल्यात निवेदनाचा, मोर्चाचा, औपचारिकतेचा अर्थ येतो, आणि तो हवा असेल तर ते वाक्य तसेच राहू द्यावे.

सर्वांत अधिक वेळ मी शब्दांच्या क्रमाला देतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जे काही भरले जाते, ते सगळे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत डोक्यात धरून ठेवावे लागते. शिवाय विशेषण नेमके कोणाचे, हा घोळ होतो. ‘द्राक्षबागेत काम करणाऱ्या मजुरांच्या मुलांना शाळेत दाखल केले’ हे वाक्य निफाड किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या अहवालात सहज येईल. पण बागेत काम मजूर करतात की मुले, अशी शंका ते वाचताना येते, आणि विषय बालमजुरीच्या जवळचा असल्यामुळे ती शंका राहू देणे गंभीर आहे. अशा ठिकाणी आपली जुनी जो-तो रचना उपयोगी पडते: ‘जे मजूर द्राक्षबागेत काम करतात, त्यांच्या मुलांना आम्ही शाळेत दाखल केले.’ शब्द वाढले तरी चालतील. संक्षेपासाठी अर्थ संदिग्ध ठेवणे मला मान्य नाही. एका वाक्यात ‘च्या’ लागोपाठ तीनदा आला, की हीच तपासणी करावी.

क्रम बदलला, की ‘च’ आणि ‘ही’ पुन्हा पाहावेत. ‘शनिवारीच पाणी येणार नाही’ म्हणजे इतर दिवशी येईल; ‘शनिवारी पाणीच येणार नाही’ म्हणजे थेंबही मिळणार नाही. एका अक्षराची जागा चुकली तर सूचना वेगळी होते.

‘असून’चा वापर स्वतंत्रपणे तपासावा. ‘लासलगाव बाजार समितीत कांद्याची आवक वाढली असून भाव उतरले आहेत’ येथे आवक वाढल्यामुळे भाव उतरले असे लेखकाला म्हणायचे असेल, तर ‘आवक वाढल्यामुळे’ असेच लिहावे. तसे म्हणायचे नसेल, तर दोन वाक्ये करावीत. कारण, परिणाम, विरोध आणि केवळ शेजार या सगळ्यांसाठी ‘असून’ वापरला, की वाचणाऱ्याला संबंध स्वतः जुळवावा लागतो. पण सगळीच वाक्ये तोडून चार-चार शब्दांची करू नयेत. कारण आधी आणि निष्कर्ष नंतर अशी पायरी-पायरीने चढणारी लांब वाक्ये आपल्याकडे सुखाने वाचली जातात.

द्विरुक्तीचे काम सोपे आहे. ‘अंदाजे सुमारे’, ‘पुन्हा परत’, ‘सविस्तर तपशील’ यांतील एक शब्द काढावा. ‘च्या माध्यमातून’ ऐवजी बहुतेक वेळा ‘ने’ किंवा ‘मधून’ पुरते. ‘हळूहळू’, ‘कामधंदा’, ‘पाणीबिणी’ यांना मात्र हात लावू नये.

ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी पाहावे, कारण जे वाक्य पुढे जाणारच नाही, त्याची वेलांटी सुधारण्यात वेळ जातो. मग मजकूर एक रात्र बाजूला ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावा. जेथे श्वास अपुरा पडेल किंवा मागे वळून पुन्हा वाचावे लागेल, तेथे खूण करावी. त्यानंतर तो ज्यांच्यासाठी लिहिला आहे, त्यांच्यापैकी एकाला वाचायला द्यावा आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. पाण्याची सुधारलेली सूचना मी आजींना दाखवली, तेव्हा त्यांनी काही न बोलता पिंप घासायला काढले.