गोडनिंबावरची अळी फेकू नका

गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर आधी नीट बघा. ती हलत असेल तर बहुधा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी आहे. आमच्या शेजारच्या काकू सांभार (कोथिंबीर)-गोडनिंब निवडताना अळी दिसली की हाक मारतात. मी ती डहाळीसकट घेऊन येते.

हे फुलपाखरू रानाच्या कडेचं. नागपुरात सेमिनरी हिल्सवर, गोरेवाड्याला पावसाळ्यात भेटतंच, पण बेल, लिंबू, संत्रं, गोडनिंब असेल तिथे अंगणातही येतं. त्याला कोवळी पालवी हवी. म्हणून पावसाच्या तोंडावर शेंडे छाटा, फवारणी अजिबात नको. मादी पुढच्या पायांनी पान चाचपून चव घेते आणि एकेक फिकट पिवळं, टाचणीच्या डोक्याएवढं अंडं घालते. साधारण तीन-चार दिवसांत अळी निघते.

अळी बोटांनी उचलू नका. पान कापून ताज्या डहाळीवर टेकवा, ती आपणहून चढते. एका जागी गप्प बसली असेल तर कात टाकत असते, तेव्हा तर हातही लावू नका. शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते आणि भराभर खाते. कुंडी लहान असेल तर काही अळ्या लिंबू-संत्र्याच्या झाडावर हलवा. डिवचली तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, उग्र वास येतो. मुलांना हे एकदा दाखवा, पुन्हापुन्हा छळू नका.

कोषासाठी जवळ एक वाळकी काडी खोचून ठेवा. हिरव्या पानांत कोष हिरवा होतो, वाळक्या काडीवर बहुधा तपकिरी. दहा-बारा दिवसांनी तो काळपट झाला की सकाळी लक्ष ठेवा. पंख वाळेपर्यंत जवळ जाऊ नका.

मग खरी मजा. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, म्हणून विषारी असतात आणि पक्षी त्यांना टाळतात. मॉरमॉनची मादी निर्विष, फक्त वेश त्यांचा. हा वेश डबलसेक्स या एकाच जनुकामुळे ठरतो, असं 2014 मध्ये सिद्ध झालं. ओळखायचं असेल तर पंख सोडा, धड बघा. रोझचं धड लाल, मॉरमॉनचं काळं.