आलेखाआधी प्रश्न : प्रकल्प आणि प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

साताऱ्यात शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे कृतिसंशोधन आणि शाळकरी मुलांचे प्रकल्प तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या प्रकल्पांमधली माहिती बहुतेक वेळा कष्टाने गोळा केलेली असते, सारणीही नीट मांडलेली असते, आणि मग आलेखाच्या पानावर सगळे विस्कटते. कारण बहुधा एकच असते : संगणकावर आकडे निवडले, समोर दिसलेल्या आकृत्यांपैकी एक आवडली आणि तीच प्रबंधात चिकटवली. म्हणून आलेखाला हात घालण्यापूर्वी कोऱ्या कागदावर आपला प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा, असा माझा आग्रह असतो. ‘तालुकानिहाय पाऊस’ हे शीर्षक झाले. ‘सातारा जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत कोठे किती पाऊस पडतो?’ हा एक प्रश्न आहे, ‘यंदा कोणत्या तालुक्यांत सरासरीपेक्षा कमी पाऊस झाला?’ हा दुसरा प्रश्न आहे, आणि दोघांची उत्तरे एकाच आलेखात मावत नाहीत.

पहिला प्रश्न घेऊ. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. आलेख कागदावर १ सेमी = ५०० मिमी असे प्रमाण घेतले, तर महाबळेश्वरचा स्तंभ ११ सेंटिमीटरच्या वर जातो आणि माणचा जेमतेम १ सेंटिमीटर भरतो. विद्यार्थ्यांना हे चित्र बेढब वाटते, मग ते उंच स्तंभ मध्येच तोडून तेथे नागमोडी खूण करतात. असे करू नये. सह्याद्रीचा माथा आणि पर्जन्यछायेतला माणदेश एकाच जिल्ह्यात नांदतात, हे त्या दोन स्तंभांइतके स्पष्ट दुसरे काही सांगू शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मिलिमीटर उपयोगाचे नाहीत. तेथे प्रत्येक तालुक्याचा यंदाचा पाऊस त्याच तालुक्याच्या दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत काढावा, स्तंभ आडवे घेऊन चढत्या क्रमाने लावावेत आणि १०० टक्क्यांवर एक उभी रेषा मारावी. आडव्या स्तंभांमुळे तालुक्यांची नावे तिरकी लिहावी लागत नाहीत, आणि तुटीचे तालुके कोणते हे रेषेकडे पाहताच कळते.

स्तंभालेख केव्हा आणि रेषालेख केव्हा, हा गोंधळ फार जुना आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे वर्षावर्षांच्या रेषांनी दाखवले. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, म्हणून वेगवेगळ्या देशांशी झालेली आयात-निर्यात त्याने स्तंभांनी दाखवली. आजही निवड याच पायावर करावी. काळ सरकत असेल तर रेषा, सुट्या गोष्टींची तुलना असेल तर स्तंभ. तालुक्यांची टोके रेषेने जोडलेले आलेख मी दरवर्षी पाहतो. वाई आणि खंडाळा यांच्या मधल्या बिंदूला काय अर्थ आहे, असे विचारले की विद्यार्थ्याला चूक आपोआप उमगते.

स्तंभालेखाचा एक नियम मी कोणत्याही सबबीवर मोडू देत नाही : Y-अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सातारा जिल्ह्यात ९८८ आणि सांगली जिल्ह्यात ९६६ होती. अक्ष ९६० पासून सुरू केला, तर साताऱ्याचा स्तंभ २८ एककांचा आणि सांगलीचा ६ एककांचा होतो, म्हणजे नजरेला फरक जवळजवळ पाचपट दिसतो. शून्यापासून काढले तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात. २२ चा फरक महत्त्वाचा आहेच. पण तो सांगायला एक वाक्य पुरते. दोन आकड्यांसाठी पानभर आकृती देऊ नये.

रेषालेखाला शून्याचे हे बंधन नाही, आणि याचे उत्तम उदाहरण सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ मिळते. तेथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पुराचा आलेख काढताना Y-अक्ष २० फुटांपासून घेतला तरी चालतो, कारण वाचक येथे उंचीची पटीत तुलना करत नसून चढउतार पाहत असतो. ४० आणि ४५ वर दोन आडव्या तुटक रेषा मारून त्यांच्यावरच नावे लिहावीत. खरी मेख X-अक्षावर आहे. पाणी वाढू लागले की नोंदी तासातासाला होतात आणि एरवी दिवसातून एखाद-दुसरी होते; विद्यार्थी या सगळ्या नोंदी सारख्या अंतरावर मांडतो, त्यामुळे सहा तास आणि सहा दिवस कागदावर सारखीच जागा खातात आणि वेगाने चढलेला पूर संथ दिसू लागतो. अंतर वेळेच्या प्रमाणातच हवे. संगणकावर काढताना त्यासाठी रेषेचा प्रकार न निवडता बिंदूंचा, म्हणजे विकीर्ण आलेखाचा प्रकार निवडावा आणि बिंदू जोडावेत.

याच आलेखावर कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. डावीकडे फूट, उजवीकडे क्युसेक (दर सेकंदाला घनफूट) असे दोन Y-अक्ष घेतले की प्रमाण आपल्या हातात राहते, आणि दोन रेषा हव्या तेथे छेदून दाखवता येतात. त्याऐवजी एकाखाली एक असे दोन आलेख काढावेत, दोघांचा X-अक्ष एकच ठेवावा. वरच्या आलेखातला विसर्गाचा चढ आणि खालच्या आलेखातला सांगलीच्या पातळीचा चढ यांतले अंतर पट्टी लावून मोजता येते, आणि त्यावरच चर्चा व्हायला हवी.

कृतिसंशोधनात पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्या सरासरीचे दोन स्तंभ काढून निष्कर्ष लिहिण्याची प्रथा पडून गेली आहे. तिच्याविषयी मला तळमळीने सांगायचे आहे, कारण त्या दोन स्तंभांत वर्गातली मुले हरवतात. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच दिले. चारही संचांत x ची सरासरी ९, y ची साधारण ७.५ आणि सहसंबंध (x आणि y किती एकत्र बदलतात याचे माप) सुमारे ०.८२ आहे, पण आलेखावर एक साधारण सरळ रेषेत, एक वक्र आणि उरलेले दोन एकेका भरकटलेल्या बिंदूमुळे पूर्णपणे वेगळे दिसतात. म्हणून पट ४० चा असेल तर डावीकडे पूर्वचाचणीचे आणि उजवीकडे उत्तरचाचणीचे ४० बिंदू मांडावेत आणि प्रत्येक मुलाचे दोन बिंदू रेषेने जोडावेत. सरासरी वाढली तरी कोणाच्या रेषा खाली उतरल्या, हे मग लपत नाही. गुणांची विभागणी दाखवायची असेल तर आयतालेख, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या स्तंभांचा आलेख, घ्यावा. त्यासाठी १०–१९, २०–२९ असे वर्ग आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करून घ्यावेत आणि स्तंभांत फट ठेवू नये.

वृत्तालेख एका संपूर्णाचे भाग दाखवण्यापुरताच वापरावा. समजा, ४० मुलांपैकी १८ चालत, १० सायकलने, ८ एसटीने आणि ४ पालकांच्या गाडीवरून येतात. तर केंद्रीय कोन अनुक्रमे १६२, ९०, ७२ आणि ३६ अंशांचे होतात. बेरीज ३६० आली पाहिजे. एका मुलाने दोन पर्याय निवडलेले चालत असतील, तर वृत्तालेख बाद समजावा. घटक पाचाहून जास्त असतील तरीही स्तंभच घ्यावेत, आणि त्रिमितीय वृत्तालेख तर मुळीच काढू नये, कारण पुढे आलेला तुकडा आहे त्यापेक्षा मोठा भासतो.

एकदा माझ्याकडे आलेल्या प्रबंधाच्या प्रतीत वृत्तालेखाचे लाल, हिरवा, निळा आणि जांभळा असे चारही तुकडे झेरॉक्समध्ये एकाच करड्या रंगाचे झाले होते, आणि रंगांची सूची खाली निमूटपणे उभी होती. कोणता तुकडा कशाचा, हे त्या विद्यार्थिनीलाही सांगता आले नाही. तेव्हापासून मी सूची काढून टाकायला आणि नावे थेट तुकड्यावर किंवा रेषेच्या टोकाशी लिहायला सांगतो. आलेखाखाली क्रमांक, शीर्षक, एकक, वर्ष, एकूण नोंदींची संख्या आणि माहितीचा स्रोत मराठीतच लिहावा.

छपाईला देण्यापूर्वी शीर्षकावर कागद ठेवून तो आलेख विषयाशी संबंध नसलेल्या कोणालातरी दाखवावा आणि ‘यात काय दिसते?’ एवढेच विचारावे. ते जे वाक्य बोलतील, ते आपण आरंभी लिहिलेल्या प्रश्नाशेजारी ठेवून पाहावे. उत्तर जुळत नसेल तर आलेख पुन्हा काढावा.