अ‍ॅनालॉग मॉड्यूल सिरीयल पोर्टला जोडताना या चुका टाळा

संगणक विचारतो, मॉड्यूल उत्तर देत नाही, आणि आपण प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. माझे सुरुवातीचे कितीतरी दिवस असेच गेले. आता मी आधी टेबलावर एकच मॉड्यूल, हातभर वायर आणि साधा टर्मिनल प्रोग्राम (टाइप केलेलं पोर्टवर पाठवून आलेलं उत्तर दाखवणारा) घेऊन बसतो. तिथे उत्तर मिळालं की मगच पॅनेल उघडायचं. उदाहरणाला अ‍ॅडम-४०१७ हे आठ चॅनेलचं इनपुट मॉड्यूल, म्हणजे आठ सेन्सरचे सिग्नल मोजून संगणकाला आकडे देणारा डबा, घेऊ.

संगणकाचा नऊ पिनांचा पोर्ट आरएस-२३२ आहे आणि मॉड्यूल आरएस-४८५, म्हणजे सिरीयल सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती. दोन्ही थेट जोडून चालत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतोच. कन्व्हर्टरवर 'ए' आणि 'बी' लिहिलेलं असेल तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुठलं टोक प्लस, यावर कंपन्यांचं एकमत नाही. उलट जोडल्याने काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही, म्हणून शंका आली की दोन वायरी अदलून पाहा. लांब लाइनला १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावायचा. प्रत्येक मॉड्यूलवर लावला तर सिग्नलच दबतो. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये घातला की कॉम नंबर (संगणकाने पोर्टला दिलेला क्रमांक) बदलू शकतो, तेही तपासा.

आता '$०१२' पाठवा, म्हणजे ०१ पत्त्याच्या मॉड्यूलला 'तुझी सेटिंग सांग' असा आदेश. अक्षरं असलेल्या आदेशांत ती कॅपिटलच हवीत, आणि शेवटी फक्त कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचं चिन्ह). उत्तराच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह आलं तर निराश होऊ नका. वायरिंग, पत्ता (लाइनवरचा मॉड्यूलचा क्रमांक) आणि बॉड रेट (अक्षरं पाठवायचा वेग) बरोबर आहेत, आदेश तेवढा चुकला आहे. काहीच आलं नाही, तर मात्र या तिन्ही गोष्टींकडे परत जा.

नवी मॉड्यूलं पत्ता ०१ घेऊनच येतात. दोन नवी एकाच लाइनवर जोडलीत तर दोन्ही एकदम बोलतात आणि हाती कचरा येतो. पत्ता एकेकाला वेगळं ठेवूनच द्या. जुन्या मॉड्यूलचा पत्ता ठाऊक नसेल तर 'इनिट' टर्मिनल ग्राउंडला जोडून पॉवर द्या: पत्ता ००, बॉड ९६००, चेकसम (संदेश नीट पोहोचला का ते तपासणारी बेरीज) बंद. बॉड रेट आणि चेकसम याच स्थितीत बदलतात. मग वायर काढून पॉवर बंद-चालू करायची. ही शेवटची पायरी फार जण विसरतात आणि मग 'सेटिंग बसत नाही' म्हणतात.

माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो ४-२० मिलीअँपिअरच्या सेन्सरने, म्हणजे मोजमाप करंटच्या रूपात पाठवणाऱ्या ट्रान्समीटरने. ४०१७ आतून व्होल्टेजच मोजतं, त्यामुळे करंट मोजायचा तर चॅनेलच्या प्लस-मायनसमध्ये बाहेरून १२५ ओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. २० मिलीअँपिअरला त्यावर २.५ व्होल्ट पडतात. पीएलसीच्या (कारखान्यातल्या कंट्रोलरच्या) सवयीने २५० ओहम लावला तर १० मिलीअँपिअरचे २० दिसतात, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. रेझिस्टर ०.१ टक्क्याचा घ्या. ५ टक्क्यांचा असेल तर पूर्ण करंटला १ मिलीअँपिअरपर्यंत चूक येऊ शकते. नेहमीच्या कामात त्यावर फक्त ०.०५ वॅट खर्च होतात, पण ट्रान्समीटर शॉर्ट झाला तर २४ व्होल्ट थेट त्याच्यावर येतात. म्हणजे साडेचार वॅटहून जास्त, आणि छोटा रेझिस्टर करपतो. लूपमध्ये (करंट फिरतो त्या सर्किटमध्ये) फ्यूज घाला. दोन वायरींच्या ट्रान्समीटरला लूपमध्ये २४ व्होल्टचा सप्लायही हवा, नाहीतर करंटच वाहणार नाही.

रीडिंग घाईने मागू नका. '#०१' या रीडिंग मागणाऱ्या आदेशाला आठही चॅनेलचं उत्तर ५८ अक्षरांचं असतं, ९६०० बॉडला फक्त ते यायलाच ६० मिलीसेकंद जातात. शिवाय ४०१७ सगळे चॅनेल मिळून सेकंदाला १० नमुनेच घेतं.

आउटपुटच्या बाजूची चूक जास्त महाग पडते. अ‍ॅडम-४०२१ हे आउटपुट मॉड्यूल करंट स्वतः पुरवतं, त्याच्या लूपमध्ये बाहेरचा २४ व्होल्ट घालू नका. दुसरं म्हणजे, संगणक अडकला तरी आउटपुट शेवटच्या आकड्यावर तसंच उभं राहू शकतं, आणि पॉवर आल्यावर ते साठवलेल्या सुरुवातीच्या आकड्यावर जातं. तो आकडा व्हॉल्व्ह किंवा हीटर पाहून ठरवा. मशीन मोकळं असताना एकदा सिरीयल केबल काढून ठेवा आणि व्हॉल्व्ह कुठे थांबतो ते जवळ उभं राहून पाहा.