खिशात मावलं म्हणून रिव्हॉल्व्हर घेऊ नका: या चुका टाळा

जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, तेंदूपत्त्याचे ठेकेदार. रोख रक्कम घेऊन फिरणाऱ्या या मंडळींपैकी बरेच जण अमेरिकेतल्या छोट्या 9 एमएम पिस्तुलांचे व्हिडिओ पाहून मन पक्कं करतात. पण 9 एमएम आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं बंदी असलेलं माप) आहे, साध्या परवान्यावर ते मिळत नाही. आपली निवड मुख्यतः .32 बोअरमध्येच: ऑर्डनन्स फॅक्टरीचं जुनं रिव्हॉल्व्हर, अशनी पिस्तूल, 2014 मध्ये आलेलं निर्भीक रिव्हॉल्व्हर, 2023 मधलं प्रबल रिव्हॉल्व्हर. त्यामुळे ते व्हिडिओ पाहण्यात घालवलेला वेळ फुकट.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे जितकं लहान तितकं बरं, असं समजणं. निर्भीक साधारण अर्ध्या किलोचं आहे. कमरेला ते बरं वाटतं, पण हलकं हत्यार गोळी सुटताना हातात जास्त उसळतं. मूठ आखूड असली तर करंगळी हवेतच राहते. नळी आखूड असली की नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ येतात, नेमातली बारीक चूक डोळ्याला दिसतच नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न चढवता ट्रिगर ओढायचा तर जोर बराच लागतो. म्हणून दुकानदाराला ते उघडून रिकामं दाखवायला सांगा, स्वतःही काडतुसांची घरं तपासा, त्याची परवानगी घ्या आणि सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर पाच-सहा वेळा ओढून बघा. माशी थरथरत असेल तर थोडं जड मॉडेल घ्या. काउंटरवर नुसतं तळहातावर ठेवून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. दुकानात जाताना जाड पॅन्ट आणि पट्टा असतो. मे महिन्यात 45 अंशांत अंगावर पातळ सदरा आणि नाड्याचा पायजमा. नाड्यात खोचलेलं हत्यार मोटरसायकलवर बसता-उठता सरकतं आणि ट्रिगर उघडाच राहतो. ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि ते पेलणारा पट्टा हा खर्च हत्यारासोबतच धरा. 2016 च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं हवं असंच आहे. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांना 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी हौस फिटत नाही, हे वेगळं!

घामाने गंज धरतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ओल मुरते, म्हणून रात्री हत्यार त्यातून काढा, कोरड्या फडक्याने पुसा, हलका तेलाचा हात द्या आणि कुलपात ठेवा. पावसाळ्यात तर रोजच.

काडतुसांतही गफलत होते. डब्यावर .32 लिहिलं म्हणजे झालं, असं नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही.

जुनं घेताय? घोडा चढवून काडतुसांचं चक्र सैल हलतं का बघा. मधून दुमडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची बिजागरी आणि खिटी सैल असेल तर स्वस्त मिळालं तरी सोडा. विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस झाल्याशिवाय ताबा घेऊ नका.

‘रानडुकरासाठी, रोह्यासाठी (नीलगायीसाठी)’ असं मनात असेल तर .32 हे त्याचं हत्यार नव्हे, आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय त्यांना मारणं हा गुन्हाच.

आपल्या विदर्भात परवान्याचे अर्ज जंगलापाशीही अडतात. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ताडोबा, टिपेश्वर, नागझिऱ्याच्या कडेची किती गावं यात येतात, विचार करा. शिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यालाही त्यांची लेखी परवानगी लागते. मेळघाटातून जाणाऱ्या परतवाडा-धारणी रस्त्याने नेहमी ये-जा असणाऱ्यांनी मॉडेल ठरवण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात एक चक्कर मारावी.